बांधलेले हात



स्मरणिकेचे संपादकीय म्हटले की वर्षभरातील कार्यक्रमांचा आढावा, देणगीदारांचे आभार आणि पुढील वर्षाचे संकल्प अशी एक ठरलेली चाकोरी आहे. यंदा आढावा चिटणीसांच्या अहवालात आलेला आहे आणि आभार अध्यक्षांनी मानले आहेत. त्यामुळे संपादकाला जी थोडी मोकळीक मिळाली, तिचा लाभ घेऊन एका इंग्रजी वाक्प्रचाराविषयी चार शब्द लिहावेत असे मी ठरविले. 'माय हॅण्ड्ज आर टाइड', म्हणजे माझे हात बांधलेले आहेत. आपली मुले येथील भारतीय शाळांत परीक्षेसाठी तो पाठ करतात. आपण मोठी माणसे मात्र तो दोह्यात आठवड्यातून एकदा तरी कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकतो: कंपनीच्या मनुष्यबळ विभागात, विम्याच्या खिडकीवर, कामगारांच्या कॅम्पमध्ये, शाळाप्रवेशाच्या दिवसांत. आणि प्रसंगी आपल्याच बैठकीच्या खोलीतही.

कोशात याचा अर्थ सरळ दिलेला असतो. मदत करण्याची इच्छा आहे. परंतु नियम, करार किंवा वरिष्ठांचा हुकूम आड येतो. या अर्थाकडे जरा बारकाईने पाहिले तर त्यात दोन विधाने एकत्र बांधलेली आढळतात. पहिले विधान, मी सज्जन आहे. दुसरे विधान, मी काहीही करणार नाही. पहिल्याचे श्रेय घ्यावयाचे आणि दुसऱ्याचा दोष दोरीवर टाकावयाचा, अशी ही सोय आहे. म्हणूनच खरोखर निर्बल असलेला मनुष्य हा वाक्प्रचार सहसा वापरत नाही. सनाइयाच्या औद्योगिक वसाहतीत बारा जणांच्या खोलीत राहणारा गवंडी असे म्हणत नाही. तो म्हणतो, 'साहेब, आता काय करू?' हात बांधले असल्याची तक्रार करण्यासाठी मुळात त्या हातात काही अधिकार असावा लागतो. टेबलाच्या ज्या बाजूला शिक्का असतो, त्या बाजूचे हे वाक्य आहे.

आपल्या मराठीत हातांची गोष्ट अधिक मोकळेपणाने सांगितलेली आहे. थकलेला हात टेकतो, नामानिराळा राहू पाहणारा हात झटकतो, ऐनवेळी फसविणारा हात वर करतो, कंजूष हात आखडता घेतो. प्रत्येक ठिकाणी कर्ता स्वच्छ दिसतो. आणि बांधलेले हात ओले केले की ते कसे सुटतात, हेही आपल्या भाषेने सांगून ठेवले आहे. इंग्रजी वाक्प्रचारात कर्ताच नाही. हात बांधलेले आहेत. कोणी बांधले, कधी बांधले, कशाने बांधले, याचा पत्ता नाही.

आपल्याकडे या अर्थाने अधिक रुळलेला शब्द 'नाइलाज' होय. या शब्दाचे माहेर आपण राहतो त्या भाषेत आहे, हे येथे येण्यापूर्वी मला कधी जाणवले नव्हते. 'इलाज' हा अरबी शब्द. औषधोपचार हा त्याचा अर्थ. येथील कोणत्याही रुग्णालयात भौतिकोपचार विभागाच्या पाटीवर 'अल्-इलाज अत्-तबीई' असे लिहिलेले असते. त्याला फारसी 'ना' जोडला आणि आपल्या पूर्वजांनी 'नाइलाज' केला. 'लाचार' शब्दातही तेच आहे. 'चारा' म्हणजे उपाय, तो ज्याला नाही तो लाचार. म्हणजे आपण 'माझा नाइलाज आहे' असे म्हणतो, तेव्हा शब्दशः एक वैद्यकीय निदान करीत असतो: या रोगावर उपचार नाही. वैद्याच्या धंद्यात असे निदान तपासणीशिवाय करता येत नाही.

हात खरोखर बांधण्याची वेळही आमच्या धंद्यात येते. अतिदक्षता विभागात श्वासनलिकेत नळी असलेला रुग्ण भ्रमावस्थेत ती उपटून काढू लागतो, तेव्हा क्वचित प्रसंगी त्याची मनगटे मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधावी लागतात. परंतु त्यासाठी डॉक्टरांचा लेखी आदेश लागतो. त्यात कारण लिहावे लागते, वेळ लिहावी लागते, सही करावी लागते, आणि ती मुदत संपली की आदेश आपोआप संपतो. पुन्हा बांधावयाचे असल्यास पुन्हा तपासून पुन्हा लिहावे लागते. परिचारिका ठरावीक वेळाने येऊन बोटे गार तर पडली नाहीत ना, नाडी लागते ना, हे पाहते आणि पट्टी सैल करते. भानावर नसलेल्या रुग्णाचे हात बांधावयास एवढी कागदपत्रे लागतात, आणि शुद्धीवर असलेला अधिकारी स्वतःचे दोन्ही हात बांधलेले असल्याचे एका वाक्यात जाहीर करतो. त्यालाही तेच प्रश्न विचारावयास हवेत. आदेश कोणाचा? कारण काय? मुदत किती?

कतारमध्ये हे प्रश्न विचारणे पूर्वी अवघड होते, कारण दोरी खरोखरच होती. २००९ च्या चौथ्या क्रमांकाच्या कायद्याखाली कफीलाच्या, म्हणजे पुरस्कर्त्याच्या, परवानगीवाचून परदेशी कामगाराला देश सोडता येत नसे आणि त्याच्या ना-हरकत पत्रावाचून नोकरी बदलता येत नसे. कामगारांच्या तोंडी 'खुरूज' हा शब्द तेव्हाचाच. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप गावाहून आलेला आहे आणि खुरूज मिळत नाही, अशी माणसे त्या काळी दवाखान्यात रक्तदाब वाढल्याची तक्रार घेऊन येत. त्या रक्तदाबावर माझ्याजवळच्या गोळ्या फारशा लागू पडत नसत. अशा वेळी कंपनीचा मंदूब 'कफील परदेशात आहे, माझे हात बांधलेले आहेत' असे म्हणाला, तर त्यात निदान निम्मे सत्य असे.

त्यानंतर दोरीचे पीळ एकेक करून सुटत गेले. २०१५ चा एकविसावा कायदा डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला. २०१८ च्या कायद्याने बहुसंख्य कामगारांची खुरुजाची अट गेली. मालकाला फार तर पाच टक्के कर्मचाऱ्यांपुरती ती ठेवता येते. जानेवारी २०२० मध्ये घरकामगारांनाही ही सूट मिळाली. ऑगस्ट २०२० च्या दुरुस्तीने ना-हरकत पत्राची अट काढून टाकली; पहिल्या दोन वर्षांच्या सेवेत एक महिन्याची आणि पुढे दोन महिन्यांची सूचना देऊन नोकरी बदलता येते. २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे. शिवाय उष्णता व आर्द्रता मिळून मोजणारा निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेला, तर दिवसाच्या कोणत्याही वेळी काम थांबविले पाहिजे. आणि दरमहा एक हजार रियाल मूळ वेतन, मालकाने सोय केली नसल्यास निवासासाठी पाचशे व जेवणासाठी तीनशे, असे किमान वेतन सर्वांना लागू झाले. ते ज्या दिवशी अमलात आले तो दिवस २० मार्च २०२१.

ही तारीख वाचताना आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात दुसरा एक २० मार्च उभा राहिला असणार. योगायोगापलीकडे त्यात काही नाही. परंतु आपल्या विषयाचा सर्वांत चांगला धडा त्या दुसऱ्या दिवसापाशीच सापडतो.

महाडचा संग्राम आपण २० मार्च १९२७ पासून सांगतो. त्याच्या आधीची चार वर्षे आणि नंतरची दहा वर्षे आपण घाईने ओलांडतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर दोरी सुटलेली होती. आणि तरीही १९२७ पर्यंत अस्पृश्यांना चवदार तळ्याचे पाणी मिळाले नाही. सरकारने ठराव केला, अंमलबजावणी नगरपालिकेकडे; नगरपालिकेने ठराव केला, पुढे गावच्या भावना. प्रत्येकाचे हात दुसऱ्याच्या हाताला बांधलेले, आणि त्या साखळीचे शेवटचे टोक कोणाच्याच हातात नाही. बाबासाहेबांनी ओंजळ भरून पाणी प्याल्यावर या बांधलेल्या हातांत अचानक बळ आले. नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला आधीचा ठराव रद्द केला! जे हात तीन वर्षे पाणी देण्यासाठी उठत नव्हते ते पाणी काढून घेण्यासाठी सहज उठले.

मग डिसेंबर आला. सत्याग्रह परिषदेसाठी महाडात जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने दिली. गावाचा दबाव त्याच्यावर नसेल असे कोणी समजू नये. १४ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी न्यायालयाने बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्यावर तात्पुरता मनाईहुकूम बजावला. कुलाब्याचे कलेक्टर परिषदेपुढे येऊन कोर्टाचा हुकूम मोडू नका, असे सांगून गेले. हजारो माणसे तुरुंगात जाण्याच्या तयारीने आलेली होती. त्या क्षणी बाबासाहेबांचे हात खरोखरच बांधलेले होते, आणि त्यांनी सत्याग्रह तहकूब केला.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. 'माझे हात बांधलेले आहेत' या वाक्याचा प्रामाणिक उपयोग कसा करावा, याचा तो नमुना आहे. कोणत्या कोर्टाचा हुकूम, कोणत्या तारखेचा, कोणाच्या अर्जावरून, हे सर्व परिषदेपुढे उघडपणे मांडले गेले. दोरी दाखविली, गाठ दाखविली. आणि मग बाबासाहेब ती गाठ सोडवावयास बसले. दावा महाडहून ठाण्यास गेला, ठाण्याहून मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजी तेथे आपल्या बाजूने निकाल लागला. म्हणजे सव्वानऊ वर्षे. दरम्यान गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. परंतु दिवाणी दाव्याचे ते कंटाळवाणे काम कोणी सोडून दिले नाही. पुढे केंद्रीय मंत्रिमंडळात हिंदू कोड बिलाच्या बाबतीत हात बांधले गेले, तेव्हा बांधलेल्या हातांनी खुर्ची धरून बसणे त्यांनी पत्करले नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. खुर्ची सोडली की हात मोकळे होतात, हा साधा मार्ग या वाक्प्रचाराच्या भक्तांना कसा सुचत नाही, याचे मला नवल वाटते.

आता पुन्हा दोह्याकडे येऊ. कायद्यातील दोरी बरीच सुटली, तरी हात मोकळे झाल्याचे चित्र पूर्णपणे दिसत नाही. याची एक बाजू मालकाची आहे. काही वर्षांपूर्वी मूत्रपिंडाचे खडे झालेल्या एका मजुराला मी 'दोन आठवडे उन्हात काम देऊ नये' असे लिहून दिले. त्याच्या फोरमनने फोनवर अदबीने सांगितले की कामाची मुदत जवळ आली आहे, हात बांधलेले आहेत. मी विचारले, कोणी बांधले, नाव सांगा, म्हणजे त्यांच्या नावानेच चिठ्ठी लिहितो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. दुसऱ्या दिवशी त्या मजुराला गोदामात काम मिळाले. नाव विचारल्यावर पुष्कळ दोऱ्या गळून पडतात.

दुसरी बाजू मजुराची आहे, आणि ती अधिक अवघड आहे. मोडलेल्या हातावरील प्लास्टर सहा आठवड्यांनी काढले की रुग्णाला वाटते, आता हात पूर्ववत चालेल. तो चालत नाही. स्नायू वाळलेले असतात, सांधा आखडलेला असतो, आणि हात हलविण्याची भीती बसलेली असते. १९६७ च्या सुमारास अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ज्या कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले गेले, त्यांतील पुष्कळ कुत्री नंतर सुटण्याचा मार्ग उघडा असतानाही जागीच पडून राहिली. माणसे हतबलता 'शिकतात', असा सिद्धांत त्यावरून रूढ झाला. (मुलांनी लक्षात ठेवावे: हा शब्द 'हतबल' असा आहे, 'हातबल' असा नाही.) परंतु त्याच दोघांनी २०१६ मध्ये, पन्नास वर्षांच्या संशोधनानंतर, तो सिद्धांत उलटा फिरविला. दीर्घ काळ चाललेल्या यातनेपुढे निपचित पडणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. आपल्या हातून काही घडू शकते, हे मात्र शिकावे लागते. त्या कुत्र्यांनाही पट्ट्याने ओढून पुन्हा पुन्हा पलीकडे न्यावे लागले, तेव्हा ती स्वतःहून उडी मारू लागली. कायदा बदलल्याचे पत्रक कॅम्पच्या भिंतीवर लावल्याने काम होत नाही, ते यामुळे. कोणीतरी शेजारी बसून पहिल्या वेळी अर्ज भरावा लागतो.

कित्येकांची दोरी तर कतारमध्ये वळलेलीच नसते. ती गावातच वळली जाते. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत दलालाने घ्यावयाची फी भारत सरकारच्या नियमानुसार तीस हजार रुपये व त्यावरील कर यांपेक्षा अधिक असता कामा नये. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यानुसार तर कामगाराकडून भरतीसाठी पैसा घेण्यासच बंदी आहे. प्रत्यक्षात लातूर-नांदेडकडचा तरुण सावकाराचे व्याज डोक्यावर घेऊन विमानात बसतो, आणि मग त्याला कोणताही कायदा मोकळा करू शकत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, याचे मर्म ओळखले होते. न्यायमूर्ती भगवतींनी संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदातील सक्तीच्या श्रमाचा अर्थ विस्तारला आणि भुकेपोटी, गरिबीपोटी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबावे लागणे हीही सक्तीच होय, असा निर्णय दिला. तेथे कोणाच्या हातात चाबूक नव्हता. तरीही हात बांधलेले होते, हे न्यायालयाला दिसले.

हे सर्व वाचून आपली मान सहानुभूतीने हलत असेल. परंतु आपण आज केवळ मजुरांचे वंशज आणि कनवाळू प्रेक्षक राहिलेलो नाही. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांत घरकामासाठी बाई आहे, आणि तिच्या बाबतीत कफील आपणच आहोत. तिच्याविषयी आपल्या बैठकांत जी वाक्ये ऐकू येतात ती मी लिहून काढली, तर ओळखीची वाटतील. शुक्रवारी पाहुणे असतात, सुट्टी देता येत नाही, काय करणार. पगार थोडा मागे राहिला, यांचाच पगार उशिरा झाला, नाइलाज आहे. पासपोर्ट आमच्याकडेच असतो, एजन्सीने तसे सांगितले आहे.

येथील २०१७ च्या घरकामगार कायद्यानुसार दिवसाला दहा तासांपेक्षा अधिक काम नाही, आठवड्याला एक भरपगारी सुट्टी आहे आणि वर्षाला तीन आठवड्यांची रजा आहे. वेळेचे बंधन नसलेली चाकरी म्हणजे काय असते, हे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांची ती वतनदारी होती. दिवसा-रात्री केव्हाही हाक आली की जावयाचे, एक जण नसेल तर घरातील दुसऱ्याने जावयाचे, आणि मोबदला म्हणून तुकडाभर इनाम जमीन व दारोदार मागितलेले बलुते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा विरोध केवळ वरिष्ठांचा नव्हता; पिढीजात वतन सोडण्याची आपल्याच माणसांची तयारी नव्हती. ते वतन कायद्याने गेले १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्या घरांतील नातवंडे आज दोह्यात वातानुकूलित घरांत राहतात, आणि स्वयंपाकघरालगतच्या खोलीत जी बाई झोपते तिच्या कामाचे तास कोणी मोजत नाही.

सर्वच घरांत असे आहे, असे माझे म्हणणे नाही. बाईला आपल्या ताटातले वाढणारी, तिच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च उचलणारी कुटुंबेही मला ठाऊक आहेत. त्यांच्यातील काहींच्या कपाटातही तिचा पासपोर्ट आहे. प्रेमाने वागविणे आणि पासपोर्ट कपाटात ठेवणे या दोन्ही गोष्टी एका घरात नांदू शकतात, ही गोष्ट मला या विषयात सर्वांत अस्वस्थ करते.

पासपोर्टच्या बाबतीत एजन्सी काय म्हणते याला अर्थ नाही. निवासाची प्रक्रिया पूर्ण होताच तो परत दिला पाहिजे, आणि कामगाराने स्वतः लेखी विनंती केली असेल तरच मालकाने तो ठेवावा, असा २०१५ चा कायदा सांगतो. उल्लंघनास पंचवीस हजार रियालपर्यंत दंड आहे. ती भारतीय असेल तर आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार तो भारत सरकारच्या मालकीचा दस्तऐवज आहे. तिच्या खोलीत कुलूप लागेल असा एखादा खण बहुधा नसतो. तो करून घेण्यास सुताराला एक दुपार लागते. किल्ली एकच करावी आणि ती तिच्याजवळ द्यावी.